आधी खोड दाबा: कर्वेनगरच्या एका सोसायटीतल्या कुंड्यांच्या नोंदी

१ जून २०२५

लॉबीतल्या आणि जिन्यातल्या कुंड्यांचं खातं कमिटीने रीतसर माझ्याकडे दिलं. काम मी आधीपासून करतच होतो, आता खर्चाच्या पावत्या लावता येतील एवढाच फरक. "जरा बघता का" म्हणत घरोघरच्या कुंड्या येतील त्या वेगळ्या.

यंदा मॉन्सून मे संपायच्या आतच पुण्यात आला, त्यामुळे एरवी जुलैत दिसणारी खोडकूज आत्ताच दिसायला लागलीय. आपल्याकडचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. पण घरातल्या झाडांचा घात मुसळधार पाऊस करतच नाही, झिमझिम करते. दिवसेंदिवस ऊन नाही, हवा दमट, माती वाळत नाही, आणि घरात पाणी मात्र एप्रिलच्याच मापाने घातलं जातं.

या वेळी पद्धत ठरवून घेतली. औषधाचं नाव काढायच्या आधी प्रत्येक कुंडीला चिठ्ठी अडकवायची. बिघाड मातीलगत सुरू झालाय, मधेच कुठे आहे की शेंड्याकडून खाली उतरतोय. दाबल्यावर खोड कसं लागतं. वास कसला येतो. आणि मातीत बोटाची दोन पेरं घातली तर ओल किती. रंग सगळ्यात शेवटी लिहायचा. रंगावर माझा विश्वास नाही. जेड या जाड पानांच्या झाडाचं तपकिरी खोड ठणठणीत असतं आणि अ‍ॅग्लोनिमाचं हिरवंगार खोड आतून पोकळ निघतं.

४ जून

लिफ्टसमोरची मोठी डिफेनबेकिया कलली. खालची पानं पिवळी, वर सगळं हिरवं, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. बुंधा मातीपासून चार बोटं उंचीपर्यंत तेलकट, पाणी मुरल्यासारखा. अंगठ्याने दाबलं तर साल आतल्या गाभ्यावरून सरकली. त्याच्या वर एक पुसट तपकिरी पट्टा, आणि पट्ट्यापलीकडे एकदम टणक खोड. वास ओल्या मातीचाच. सडक्या मासळीचा वास असता तर गोष्ट वेगळी होती. तो आला की जिवाणूंची मऊ कूज समजायची. तिच्यावर घरगुती काय किंवा विकतचं काय, भरवशाचं औषध नाही. झाड पिशवीत बांधून सरळ कचऱ्यात.

कुंडी उपसली. मुळ्या तपकिरी आणि लिबलिबीत. एक चिमटीत धरून ओढली तर वरचं आवरण हातात आलं आणि मागे दोऱ्यासारखा तंतू तेवढा राहिला. मुळ्या कुजवणाऱ्या पिथियम या सूक्ष्मजीवाची ही ओळखीची खूण. पिथियम आणि त्याचा भाऊबंद फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखे, पण खऱ्या बुरशीच्या कुळातले नव्हेत. त्यांचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहत जातात. कुंडीखालच्या ताटलीत दोन बोटं पाणी साचलेलं होतं, डासांच्या अळ्यांसकट. आणखी पुरावा शोधायची गरज नव्हती.

हातमोजे घातले. डिफेनबेकियाच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कातडीला आग होते आणि डोळ्यात गेला तर हाल होतात. सुरी सर्जिकल स्पिरिटने पुसून टणक भागातच पहिला काप घेतला. कापाच्या तोंडावर तपकिरी ठिपके दिसले, म्हणून सुरी पुन्हा पुसून दोन बोटं वर दुसरा काप. तिथेही कडेला एक ठिपका होता. तिसऱ्या कापाला तोंड सगळीकडून सारखं, पांढुरकं-हिरवं मिळालं, तेव्हा थांबलो. लोक नेमके इथे कचरतात. झाड लहान होईल म्हणून ठिपक्यांसकट लावून टाकतात, आणि पंधरवड्यात तीच कूज वरच्या तुकड्याला धरते.

शेंडा वेगळा ठेवला. उरलेल्या निरोगी खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे केले. दिवसभर सावलीत कापाची तोंडं सुकवून संध्याकाळी कोकोपीट आणि जाड वाळूत आडवे लावले, अर्धे बुडालेले, डोळे वरच्या बाजूला. माती फेकली. कुंडी धुऊन उन्हात ठेवायची होती, पण ऊन कुठलं? धुण्याच्या ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून ठेवली.

६ जून

मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. पिथियमवर चालणारं मेटॅलॅक्सिल मागितलं तर समोर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं पाकीट. "सगळ्या बुरशीला चालतं हो." नाही चालत. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशींवर काम करतं, पिथियम-फायटोफ्थोरावर त्याचा उपयोग नाही. अनेक घरांत याच पाकिटाची पुडी मातीवर भुरभुरलेली दिसते आणि खाली झाड आपल्या गतीने सडत असतं. शेवटी मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण मिळालं. सोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड, ट्रायकोडर्मा, पावशेर मोरचूद आणि चुना घेतला. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, रासायनिक बुरशीनाशकाबरोबर ती एकाच बादलीत घालायची नाही. आधी रसायन, मग निदान दोन आठवडे मधे जाऊ द्यायचे. नाहीतर आपणच आणलेला पहारेकरी आपणच मारायचा.

११ जून

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जेड घेऊन आल्या. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या वेळी घेतलेलं, अजून त्याच कुंडीत, त्याच मातीत.

"अहो, खोडाला सुरकुत्या पडल्यात. तहानलंय म्हणून रोज थोडं थोडं पाणी घालतेय, तरी उतरतच चाललंय."

बोट घातलं, माती चिकट ओली. इथेच निम्मा निकाल लागतो. सुरकुतलेलं खोड आणि कोरडी माती, तर झाड तहानलेलं. एकदा भरपूर पाणी दिलं की थोड्याच दिवसांत खोड पुन्हा तटतटतं. सुरकुतलेलं खोड आणि ओली माती, तर मुळ्याच उरलेल्या नाहीत. पाणी आहे पण ओढणार कोण? काकूंच्या जेडला चार-पाचच मुळ्या धड निघाल्या. कोकोपीट बाजूला केल्यावर आत लाल मातीचा मुठीएवढा गोळा, विटेसारखा घट्ट. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंतच्या नर्सऱ्यांमधून येणाऱ्या पुष्कळ रोपांच्या पोटात हा गोळा असतो. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून तो सोयीचा. घरी आणल्यावर मात्र बाहेरची माती वाळते आणि गोळा ओलाच राहतो, किंवा एकदा खडखडीत वाळला की त्यात पाणी शिरतच नाही.

दुसरी तक्रार काकांची: खोड खालून तपकिरी आणि खरबरीत झालंय. ते चाकूने खरवडायला लागलेही होते. हात जोडून थांबवलं. जेड वयात आलं की खोडाला लाकूडपणा येतोच. दाबून टणक लागतंय आणि वरून खाली सारखं आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही.

मुळ्या साफ केल्या, मेलेल्या छाटल्या आणि झाड वर्तमानपत्रावर उघडं ठेवायला सांगितलं, कापाला कोरडी खपली धरेपर्यंत. मग मातीच्या छोट्या कुंडीत, निम्म्याहून जास्त पर्लाइट आणि विटांचा चुरा. काकूंनी कापावर हळद लावू का विचारलं. लावा म्हटलं. बिघडत काही नाही, कापाचं तोंड कोरडं राहतं. पण खरं काम सुरी करते.

१९ जून

आज आले ते सगळे धडधाकट.

मॉन्स्टेराच्या खोडाला "तपकिरी गाठी": हवेतली मुळं फुटतायत. मनी प्लांटच्या प्रत्येक पेराला असतात ते तपकिरी टोचेही तेच. झीझी प्लांटच्या दांड्यांवर काळपट डाग: जन्मजात. त्याचं खरं खोड मातीखालच्या कंदात असतं, वर दिसतात ते पानांचे दांडे, म्हणून तपासायचा असेल तर कंद दाबायचा. तुळशीचं खोड लाकडासारखं झालंय: मग काय होणार? मंजिऱ्या खुडत राहा.

सगळ्यांना औषधाशिवाय परत पाठवलं. एकीचा चेहरा उतरला, काहीतरी मारून द्या म्हणाली.

२८ जून

बाथरूमच्या खिडकीतला सिंगोनियम. खोड लांबुळकं, फिकट, एका अंगाला झुकलेलं, दोन पानांत वीतभर अंतर. रोग नाही, उजेडाची उपासमार. सावलीच्या बाजूला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त साठतं, त्या बाजूच्या पेशी लांबतात आणि खोड उजेडाकडे वळतं. लांबलेलं पेर पुन्हा आखूड होत नाही, खत घालून तर नाहीच. पेराच्या खाली छाटा, शेंडे त्याच कुंडीत खोचा, कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवा. पुढचं.

५ जुलै

या पावसाळ्यातला सगळ्यात वाईट रुग्ण. चौथ्या मजल्यावरच्या ताईंचं जुनं अडेनियम, हाताच्या मनगटाएवढा बुंधा, गॅलरीत पावसाच्या माऱ्यात. मातीच्या रेघेवर बुंध्याभोवती पांढऱ्या रेशमी धाग्यांची जाळी, पंख्यासारखी पसरलेली. भिंगातून पाहिलं तर जाळीत गोल दाणे अडकलेले. काही पांढरे, काही पिवळसर, काही पिकून तपकिरी झालेले. आकार नेमका मोहरीएवढा. भुईमुगाची शेती केलेला माणूस हे पाहून लगेच ओळखेल, ही स्क्लेरोशियम बुरशीची खोडकूज. ते दाणे म्हणजे बुरशीची बेगमी. मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि ऊब-ओल मिळाली की पुन्हा रुजतात. म्हणून ही माती दुसऱ्या कुंडीत नाही, कंपोस्टच्या ड्रममध्ये तर अजिबात नाही. पिशवीची गाठ मारून बाहेर.

बुंधा दाबला. एका बाजूने अंगठा आत गेला, बाकी तीन बाजू घट्ट. ताई म्हणाल्या, "दादा, खरं सांगा, जाईल का?" म्हटलं, मऊ भाग किती खोल गेलाय त्यावर आहे. चमच्याने कोरत गेलो. तपकिरी, ओला, भुसभुशीत गर निघत राहिला आणि साधारण अंगठ्याच्या पेराएवढ्या खोलीवर पांढरा, चीक सुटणारा गर लागला. चीक येतो म्हणजे तिथे जीव आहे. कडा तिरक्या कापल्या, पाणी साचायला जागा ठेवली नाही.

मग बोर्डो पेस्ट. जालन्याकडे मामांच्या मोसंबीच्या बागेत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर झाडांचे बुंधे निळसर रंगवलेले असत, डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, होऊ नये म्हणून. तेच हे. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षांवरून जगभर गेलेलं मिश्रण, आपल्या द्राक्ष आणि मोसंबीवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातलं. बागेत एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. कुंडीसाठी दहा ग्रॅम, दहा ग्रॅम, शंभर मिलिलिटर. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या डब्यांत भिजवायचे आणि मग एकत्र ओतून ढवळायचे; लोखंडी भांडं नको. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवला. त्यावर तांबूस थर चढला म्हणजे मोरचूद मोकळं आहे, झाड भाजेल. चढलाच. चुना चिमूटभर वाढवला, दुसऱ्या खेपेला खिळा स्वच्छ निघाला. ब्रशने फक्त जखमेवर लावलं. हे लाकूड झालेल्या खोडांसाठीच. डिफेनबेकिया किंवा अ‍ॅग्लोनिमाच्या कोवळ्या खोडाला लावलं तर तांबंच जाळून टाकेल.

अडेनियम माती न घालता माझ्या कोरड्या खोलीत जाळीवर ठेवलं. पाणी बंद. ताईंना हे क्रूर वाटलं.

१६ जुलै

लॉबीतल्या जिन्याजवळचे दोन रबर प्लांट. दोघांच्याही बुंध्याला मातीलगत तपकिरी चट्टा, दोन्हीकडे जिन्याच्याच बाजूने, आणि उंचीही सारखीच. कडक, कोरडा, न पसरणारा. वास घेतला. फिनेल.

रोग असा बाजू निवडून, उंची मोजून येत नाही. सफाईच्या मावशींना विचारलं, त्यांनी लपवलं नाही.

"पुसून झाल्यावर बादली कुठं ओतू, दादा? मोरी वरच्या मजल्यावर. गुडघे धरतात माझे."

मुद्दा बरोबर आहे. तळमजल्यावर सांडपाण्याला निचराच नाही, हे बिल्डरने केलेलं आणि आजवर कुणी न सुधारलेलं. कमिटीला पत्र दिलं: लॉबीच्या कोपऱ्यात जाळी बसवा. तोवर गेटजवळच्या गटाराच्या जाळीवर ओतायचं ठरलं आणि वॉचमनकाकांनी बादली उचलून न्यायचं कबूल केलं.

नखाने साल खरवडून पाहिली. चट्ट्याखाली तपकिरी, बाकी सगळीकडे हिरवी. म्हणजे अन्नपाण्याची वाट तीन बाजूंनी चालू आहे. वरची माती बदलली, उरलेल्यातून भरपूर पाणी निथळू दिलं. औषध काही नाही.

२९ जुलै

डिफेनबेकियाच्या आडव्या तुकड्यांचे डोळे फुगलेत. एक मात्र पाणचट झाला आणि झाकण काढताच तो मासळीचा वास आला. शेजारचे तुकडे चांगले दिसत होते, तरी त्याच्या लगतचा तुकडाही फेकला, कोकोपीट बदललं, सुरी, ट्रे आणि हात सगळं पुन्हा स्पिरिटने. वरून पाणी फवारायचं बंद. जिवाणू थेंबांच्या शिंतोड्यांवरूनच पसरतात. आता ट्रे खालून भिजवतो.

जेडला टोकाशी दोन नवी पानं. काकू रोज फोटो पाठवतात.

१२ ऑगस्ट

अंजिरासारख्या पानाच्या फायकसवर मुंग्यांची रांग. मुंग्या कुठे जातात ते बघत गेलं की दुखणं आपोआप सापडतं. खोडावर, पानाच्या देठाच्या बेचक्यात, तपकिरी टिकल्या. साल समजून कुणी लक्ष दिलं नसावं. नखाने उचकटली तर सुटली आणि खाली ओलसर ठिपका. खवले कीड. खालच्या पानांवर चिकटा, म्हणजे किडीने टाकलेला गोड रस, आणि चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी.

मोठ्या किडीवर मेणाचं कवच असतं, फवारा वरून ओघळून जातो. त्यामुळे आधी जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटच्या कापसाने हाताने काढायची, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळच्या वेळी. एका फवाऱ्यात काम होत नाही. अंड्यातून निघणारी पिल्लं बारीक आणि चालती असतात, ती दिसेनाशी होईपर्यंत आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा मारायचं. मुंग्यांचा बंदोबस्तही हवा. चिकट्याच्या लोभाने त्या किडीची राखण करतात, तिच्या शत्रूंना हाकलतात.

२२ ऑगस्ट

गणपती पाच दिवसांवर. सजावटवाली मुलं लॉबीतल्या सगळ्या कुंड्या मूर्तीमागे न्यायला टपलेली. परवानगी दिली, अट एकच: दिव्यांच्या माळा खोडाला तारेने आवळायच्या नाहीत. "हो काका" एका सुरात आलं.

८ सप्टेंबर

विसर्जन होऊन कुंड्या जागेवर. अपेक्षेप्रमाणे तार सापडली, उंच रबर प्लांटच्या खोडावर, छातीएवढ्या उंचीला. माळ ओढताना तारेने साल गोल सोललीय, बोटभर रुंद पट्टा, आत पांढरं लाकूड. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं, तो रस्ता आता तुटला. पाणी लाकडातून वर जातच राहतं, म्हणून शेंडा आज टवटवीत दिसतोय आणि मुलांना वाटतंय काही झालं नाही.

पण हे तर अर्धं गुटी कलमच! डाळिंबाची गुटी बांधतात तेव्हा साल अशीच मुद्दाम गोल काढतात. खाली जाऊ न शकलेलं अन्न आणि ऑक्सिन जखमेच्या वरच्या काठाला साठतं आणि तिथून मुळ्या फुटतात. वाळलेला चीक पुसला, वरच्या काठाला मुळ्या फुटण्याची पावडर लावली, भिजवून पिळलेलं मॉस (वाळकं शेवाळ) मुठीएवढं बांधलं, वरून प्लॅस्टिक, दोन्हीकडे दोरी. ज्यांनी तार बांधली त्यांच्याकडेच मॉस ओलं राहतंय का पाहायचं काम दिलंय.

५ ऑक्टोबर

गुटीच्या प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात, पण अजून विरळ. त्या तपकिरी होऊन जाळी धरेपर्यंत कापणार नाही. मुलांना घाई झालीय.

डिफेनबेकियाच्या शेंड्याने कुंडीत जीव धरला. आडव्या तुकड्यांतून चार रोपं निघाली. दोन लॉबीला, एक मावशींनी मागितलं, एक शिल्लक आहे. ट्रायकोडर्मा घातला. फिनेलवाल्या दोन्ही रबर प्लांटचे चट्टे होते तेवढेच आहेत, वर नवी पानं. फायकसवर अजून एखादी टिकली सापडते.

लॉबीची जाळी मंजूर झाली, काम दिवाळीनंतर.

अडेनियमची जखम वाळून राखाडी, कडक. नव्या मातीत बुंधा आधीपेक्षा दोन बोटं वर उचलून लावला आणि आज ताईंकडे पोचवला. थंडीत पानं गाळेल, तेव्हा पाणी वाढवायचं नाही, उलट महिन्यातून एखाद्या वेळेवर आणायचं, हे चिठ्ठीवर लिहून कुंडीलाच बांधलं. ताईंनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "बरं, पण आज घालू का थोडं?"